आई झोपल्यात

खरं सांगा, पहिल्याच भेटीत 'मूळचे कुठले तुम्ही?' असं तुम्हाला कुणी विचारलंय का? आणि विचारलं असेल, तर त्या माणसाला खरंच तुमचं गाव हवं होतं का? गाव सांगितलं की 'गावात कुठे?' येतं. मग आडनाव येतं. मग हळूच, चहाचा घोट घेत, 'कुलदैवत कोणतं?' येतं. मोहन्याच्या कांताबाई भालेरावला हे प्रश्न ओळीने पाठ आहेत. आयुष्यभर तिने त्यांना उभ्या उभ्या उत्तरं दिली. एकदाच दिली नाहीत, आणि तेही कुठे, तर लंडनमध्ये, पोटच्या पोराच्या घरात.

कांताबाईचं माहेर टिटवाळ्याजवळचं. तिच्या बापाने धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत भरले आणि काळू नदीत सोडून आला. बायको रडायला लागली तर म्हणाला, "रडतेस काय? कोनाडा मोकळा झाला. पोरांची पुस्तकं ठेवू." ती अशा घरात वाढली. लग्न होऊन मोहन्याच्या चाळीत आली. नवरा जगन डोंबिवली एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कामाला. कंपनीला टाळं लागलं तेव्हा जगन गेटवर धरणं धरून बसला आणि कांताबाई स्टोव्हसमोर बसली. डबे करायला लागली. चपाती, भाजी, वर एखादी चटणी. कल्याणात बँकवाले, शाळावाले, सगळे खायचे आणि बोटं चाटायचे. एका घरची बाई महिन्याचा हिशोब करायला म्हणून चाळीत आली, समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो बघितला, आणि दुसऱ्या दिवसापासून 'आम्ही आता घरीच करतो' सुरू झालं. शेजारच्या जाईबाईने सल्ला दिला, "कांते, फोटो आतल्या खोलीत लाव की. धंदा आहे."

कांताबाई म्हणाली, "फोटो नाही निघणार. गिऱ्हाईक निघालं तर निघू दे."

त्या डब्यांवर पोरगा धम्मपाल शिकला, इंजिनिअर झाला, कंपनीने त्याला लंडनला नेलं. तिथेच राहिला. कळव्याच्या दीप्तीशी लग्न लागलं ते मोहन्याच्या विहारात, पांढऱ्या कपड्यांत, त्रिशरण-पंचशील म्हणून. त्यानंतर दोघं गेले आणि फोनमध्ये राहायला लागले. एक दिवस फोनमधून धम्मपाल म्हणाला, "आई, घर घेतलं. स्वतःचं. आता तुम्ही दोघं या."

विहारात बायांनी निरोप दिला. लंडनमध्ये बाबासाहेब शिकायला असताना राहिले ते घर जपून ठेवलंय, हे मोहन्याच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जाईबाई म्हणाली, "बाकी राणीचा वाडा बिडा नाही बघितलास तरी चालेल. बाबांच्या घरात आमच्या वाटचं डोकं टेकवून ये." कांताबाईने त्या दिवसासाठी कल्याणातून नवी पांढरी साडी घेतली आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवली.

विमानतळावर उतरले तर दारात दोन व्हीलचेअर उभ्या. धम्मपालने तिकिटाबरोबरच सांगून ठेवलेल्या. आपल्याकडे ही आता रीतच झालीय. म्हातारे ठणठणीत असतात, पण त्यांचं इंग्रजी पांगळं असतं, म्हणून पोरं त्यांना चाकावर बसवतात. जगन लगेच बसला, पाय ठेवायच्या पट्टीवर पाय ठेवले, मांडीवर हात ठेवले, जसा काय पालकमंत्री.

"अहो, उठा," कांताबाई म्हणाली. "परवा नेतिवलीची टेकडी चढलात ना?"

"अगं, फुकट आहे. बस की."

"मी लंगडी नाही."

ढकलणारी बाई पंजाबी होती, केस पांढरे. "बैठ जाओ बहनजी, लाइन छोटी पड़ती है," ती म्हणाली. कांताबाईने खुर्चीवर स्वतःची पर्स बसवली आणि बाजूने चालत निघाली. शिक्का मारणाऱ्या साहेबाने विचारलं ते तिला कळलं नाही, पण 'सन' कळला. "माय सन," ती म्हणाली, "इंजिनिअर," आणि छातीवर हात ठेवला. साहेब हसला, शिक्का मारला.

बाहेर कठड्यापलीकडे धम्मपाल दिसला. दाढी वाढलेली, अंगात जाड कोट. कांताबाईला राहवलं नाही. तिचा आवाज म्हणजे विहाराला माइक लागत नाही असा.

"जय भीम रे, धम्मू!"

धम्मपालने आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग पुढे येऊन आईला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "चल आई, पार्किंगचे पैसे पळतायत." मागून जगन पण 'जय भीम' म्हणाला. त्यालाही उत्तर आलं, "हो हो पप्पा, चला."

मोहन्यात जय भीमला जय भीम मिळाला नाही तर समजायचं, भांडण झालंय. कांताबाई गाडीत मागे बसून विचार करत राहिली, भांडण कधी झालं?

घर हॅरो म्हणून भागात. खाली बैठक, वर दोन खोल्या, मागे साडी वाळत घालायला पुरेल एवढं गवत. नोव्हेंबर महिना, चारलाच अंधार. दीप्तीने गरम पाणी दिलं, मऊ भात दिला, सगळं प्रेमाने केलं. कांताबाई घरभर फिरली, भिंतींना हात लावून बघितला. पोराचं घर! चाळीतल्या दहा बाय दहातून निघून पोर इथवर आलं, तिला भरून आलं. मग दाराजवळच्या काचेच्या फळीवर तिची नजर गेली. तिथे गणपती. पितळेचा, घासूनपुसून लखलखीत, पुढे लाल फूल.

"हे कुणाचं?"

"डेकोर आहे आई," धम्मपाल म्हणाला. "सगळ्यांच्या घरी असतं."

"सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्या?"

दीप्तीने पटकन टीव्ही लावला. कांताबाईने बॅगेतून साड्यांच्या घडीत गुंडाळून आणलेली फ्रेम काढली, बुद्ध आणि बाबासाहेब एकाच काचेत. "कुठे लावायची?"

"आई, इथल्या भिंती पोकळ असतात," दीप्ती म्हणाली. "खिळा धरत नाही."

त्याच भिंतीवर टीव्ही टांगलेला होता, भला मोठा. कांताबाईने टीव्हीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि फ्रेम वर त्यांना दिलेल्या खोलीत नेऊन खिडकीत उभी केली.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बाबांच्या घरी कधी जायचं?" धम्मपाल म्हणाला, "शनिवारनंतर." शनिवारी काय, ते बोलला नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हाय, पाल बोलतोय," तो म्हणाला.

"पाल?" कांताबाईने जगनला विचारलं. "भिंतीवरची?"

जगन खो खो हसला. धम्मपाल फोन घेऊन बाहेर थंडीत गेला.

शनिवारी काय, ते कळलं गुरुवारी. दुपारी रसिका नावाची बाई आली. डोंबिवली पूर्वेची, नवरा धम्मपालच्याच कंपनीत मोठ्या जागेवर, दोघं तिथल्या मराठी मंडळात पुढे पुढे. चांगली बाई, हे आधीच सांगितलेलं बरं. हसतमुख. येताना लाडू आणले, वाकून कांताबाईच्या पाया पडली. काखेत चौरंग होता आणि पिशवीत प्लॅस्टिकचे केळीचे खांब.

"काकू, तुम्ही आलात हे किती छान झालं! पाल सांगतच नाही हो काही. मूळचे कुठले तुम्ही?"

"मोहने. कल्याणजवळ."

"अय्या, म्हणजे आपल्या शेजारचेच की! मोहन्यात कुठे?"

"चाळीत. माहेर टिटवाळ्याजवळ."

"बाप्पाच्या गावच्या!" रसिकाने हात जोडले. "मी ह्यांना म्हटलंच होतं, भालेराव म्हणजे आपल्यातलेच असणार. आमच्या मावशीच्या सासरचे भालेरावच आहेत. देशस्थ ना तुम्ही?"

आता हे आडनाव असं आहे की ते ब्राह्मणातही आहे आणि आपल्यातही आहे. कल्याणात दोन भालेराव एका लिफ्टमध्ये चढले तरी एकमेकांचं पाणी पितील असं नाही. कांताबाईने धम्मपालकडे बघितलं. तो हसत होता. नुसता हसत होता, हो नाही की नाही नाही. कांताबाईने मान वर केली, तोंड उघडलं.

"आई," धम्मपाल म्हणाला, "चहा उतू जातोय बघ."

त्या घरात चहा विजेच्या किटलीत होतो. ओट्यावर काहीच नव्हतं. तरी कांताबाई उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन त्या थंड ओट्यासमोर उभी राहिली. बैठकीतून रसिकाचा आवाज येत होता. "शनिवारी सत्यनारायणाला आई-बाबांनाच बसव पूजेला. नव्या घराची पहिली पूजा, जोडप्याने मोठ्यांनी बसलेलं चांगलं. मान असतो तो. गुरुजी डोंबिवलीहून लॅपटॉपवर येणारच आहेत."

आणि तिचा धम्मपाल म्हणाला, "हो, तेच ठरवलंय."

रसिका गेल्यावर कांताबाई बाहेर आली. "कुणी ठरवलंय?"

"आई, हळू बोल."

"का? भिंती पोकळ आहेत म्हणून?"

कोणत्याही देवाची पूजा करणार नाही, ही प्रतिज्ञा कांताबाई नुसती घेऊन थांबली नव्हती. मोहन्यात दरवर्षी विहारात उभी राहून ती दुसऱ्या बायांकडून म्हणून घेते. आणि तिलाच आता चौरंगासमोर बसायचं होतं, पदर डोक्यावर घेऊन, नवऱ्याच्या हाताला हात लावून.

धम्मपाल खुर्चीत बसला. "तुला माहितीय मी पहिल्या वर्षी कुठे राहायचो? चार पोरं एका फ्लॅटमध्ये. तिघं आपल्या महाराष्ट्रातलीच. मस्त चाललेलं. जयंतीला मी स्टेटसवर बाबासाहेबांचा फोटो टाकला. कुणी काही बोललं नाही. फक्त आठवडाभरात मिक्सर वेगळा झाला. मग तवा वेगळा झाला. मग फ्रीजमधला एक कप्पा माझा झाला. लंडनमध्ये, आई! भांडू कुणाशी? शिवी दिली असती तर पोलिसात गेलो असतो. त्यांनी शिवीच दिली नाही."

कांताबाईचा राग क्षणभर गळून पडला. पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा असं वाटलं. "मग काय केलंस?"

"घर बदललं. आणि गप्प राहायला शिकलो. रसिकाताईंच्या मिस्टरांमुळे ही नोकरी टिकलीय, हे घर झालंय. आता तू येऊन चार दिवसांत ते सगळं उडवणार का?"

"आमच्याकडे मिक्सर नव्हता तेव्हापण आम्ही गप्प नाही बसलो रे."

"तेव्हा तुमच्याकडे घालवायला काही नव्हतंच!"

हे बोलून तोच चपापला. पण तोंडातून गेलेलं परत येत नाही. कांताबाई जगनकडे वळली. हा माणूस एकेकाळी कंपनीच्या गेटवर घोषणा द्यायचा तर पलीकडच्या रिक्षा थांबायच्या. जगन चष्मा पुसत होता.

"कांता, तासाभराचा तर प्रश्न आहे. बसून उठायचं. आपल्या मनात थोडंच आहे काही?"

"अहो, गेटवर बसलेलात तेव्हा साहेब काय म्हणायचे? एक सही करा, मिनिटाचं काम आहे, मनात काही ठेवू नका. केलीत सही?"

जगनने चष्मा घातला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

दीप्ती जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिचे डोळे भरलेले. "आई, माझ्यासाठी तरी," ती म्हणाली. कळव्याची पोर, वंदना घेताना हिचा आवाज किती गोड लागायचा, एवढंच कांताबाईच्या मनात आलं.

शनिवारी दुपारी कांताबाई तयार होऊन जिना उतरली. ती पांढरी साडी, वर स्वेटर, पायात मोजे. खाली चौरंग मांडलेला, खांब बांधलेले, शिऱ्याचा वास. धम्मपालने तिला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"पांढरी नको ना आई. पूजेला पांढरी चालत नाही."

"मी पूजेला नाही आले. मी पोराच्या घरी पाहुणे येणार म्हणून आलेय. खुर्चीत बसेन. पाणी देईन, जेवायला वाढेन. पण त्या चौरंगासमोर बसणार नाही. आणि कुणी विचारलं, मूळच्या कोण, तर जे आहे ते सांगेन."

"ते कशाला विचारतील? नाही विचारणार."

"विचारतील. तुला माहितीय, विचारतील."

दाराबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. धम्मपालने आईचे दोन्ही हात धरले. लहानपणी शाळेत जायचं नसलं की धरायचा तसे. "मग वरच थांब. आई, पाया पडतो. आजचा दिवस."

कांताबाईने हात सोडवून घेतले आणि जिना चढली. कुणी ढकललं नाही, कुणी कडी लावली नाही. स्वतःच्या पायांनी चढली, हेच तर दुखणं.

पूजेला मग धम्मपाल आणि दीप्ती बसले. वरच्या खोलीत कांताबाई आतून कडी लावून पलंगाच्या कडेला बसली. बाहेर अंधारून आलेलं, तिने दिवा लावला. खालून एकेक आवाज चढत होता. बूट काढल्याचे, हसण्याचे, 'घर काय सुंदर आहे!' मग रसिकाचा आवाज.

"अरे पाल, आई कुठे आहेत? त्या बसणार होत्या ना?"

"आई झोपल्यात. जेटलॅग."

झोपल्यात! मोहन्यात तो 'आई झोपलीय' म्हणायचा. त्या एका शब्दात पोराने तिला मान दिला आणि परकी केली. आणि खाली वीस माणसं होती, त्यातल्या कुणालाही वाटलं नाही की येऊन चार दिवस झाले, नव्या घराची पूजा आहे, शंख वाजतोय, आणि आई झोपते कशी?

लॅपटॉपमधून गुरुजींची कथा सुरू झाली. कांताबाईचा आवाज आठवतोय ना? एकदा नुसतं 'बुद्धं सरणं' म्हटलं असतं, तर खाली पोथी बंद पडली असती. तोंड उघडलंही तिने. मग तिला तो फ्रीजमधला कप्पा दिसला. पोराच्या नावाचा, वेगळा. आपण ओरडलो तर उद्या ह्या पोराला परत कुठला कप्पा मिळेल? तिने पदराचा बोळा तोंडात धरला. ओठ हलले, आवाज निघाला नाही. महापालिकेच्या दारात पाण्यासाठी हंडे आपटणारी बाई, सासऱ्याला उलट बोलणारी बाई, जन्मात पहिल्यांदा गप्प बसली.

कथेच्या मध्येच जिन्यावर पावलं वाजली. कांताबाई उठून उभी राहिली. पावलं दारासमोर थांबली. दाराखालून दिव्याचा उजेड बाहेर जात होता, पट्टीएवढा. बाहेरचं माणूस तो बघत असणार. बांगड्या वाजल्या. कांताबाईने कडीकडे हात नेला. वाजवलं असतं तर तिने उघडलं असतं. समोर कोणीही असतं तरी उघडलं असतं आणि सगळं सांगितलं असतं, हळू आवाजात, शेजारणीला सांगतात तसं.

पावलं वळली. बाथरूमचं दार लागलं, उघडलं, आणि पावलं खाली गेली. खालून रसिकाचा आवाज आला, अगदी मायेचा. "झोपू दे हो, दमल्या असतील."

आरती झाल्यावर जगन वर आला. हातात शिऱ्याची वाटी, कपाळावर कुंकवाचा टिळा, त्यावर अक्षतेचा एक दाणा चिकटलेला.

"खा. नुसता रवा आणि साखर आहे."

"रवा-साखर मी मोहन्याला पण खाते," कांताबाई म्हणाली. "कपाळ पुसा."

जगनचा हात कपाळापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "लोक आहेत अजून खाली," तो म्हणाला. वाटी खिडकीत ठेवायला गेला, तिथे फ्रेम होती, म्हणून खाली जमिनीवर ठेवली आणि निघून गेला.

रविवारी धम्मपाल सकाळीच तयार होऊन आला. डोळे सुजलेले. "चल आई, बाबासाहेबांच्या घरी जाऊ. मी पण येतो आत."

"नको."

"तू त्याच्यासाठीच आलेलीस ना गं?" जगन म्हणाला.

"त्या दारात मान वर करून जायचं असतं. काल कुठे होती माझी मान?"

धम्मपालने गाडीची किल्ली खाली ठेवली. मग त्याने कोट काढून ठेवला. पुढे ते महिनाभर राहिले. पूल बघितले, चाकाचा मोठा पाळणा बघितला, बर्फ पडला तो बघितला. त्या घराकडे कांताबाई गेली नाही. विमानतळावर निघताना तिने पोराला 'जय भीम' म्हटलं, हळू, त्याच्या एकट्यापुरतं. तो 'जय भीम' म्हणाला, तेवढ्याच हळू. आता दोघांचा आवाज सारखा झाला होता.

मोहन्यात विहारात बाया जमल्या. जाईबाईने विचारलं, "कांते, बघितलंस का गं बाबांचं घर? कसं आहे?"

फोटो निघणार नाही म्हणणारी कांताबाई चटईच्या काड्या खुडत म्हणाली, "बंद होतं गं. दुरुस्ती चाललेली."

आता धम्मपालला चार शिव्या घालून मोकळे होऊ नका. ते सोपं आहे. त्याचा मिक्सर वेगळा करणारी पोरं कुणाच्या तरी घरात वाढली, आणि त्यातलं एखादं घर तुमच्या ओळखीचं असेल. ती पोरं चांगली असतील. रसिकाही चांगली होती. चांगली होती म्हणून तर ती त्या दारापर्यंत आली आणि चांगली होती म्हणूनच आवाज न करता परत गेली.

तेव्हा एवढंच करा. कुणाच्या घरी पूजेला, बारशाला, वाढदिवसाला गेलात, आणि कळलं की गावाहून आई आलीय पण वर झोपलीय, तर 'झोपू दे' म्हणू नका. हातातली प्लेट खाली ठेवा. जिना चढा. दाराखाली उजेड दिसला, तर दार वाजवा. आणि आतून कडी निघेपर्यंत तिथून हलू नका.